दहावीच्या फाट्याआधी : शाळेत करिअर मार्गदर्शन सुरू करणाऱ्या शिक्षकांसाठी

जूनच्या पहिल्या बैठकीत हेडसर कामं वाटतात. स्काउट एकाकडे, पोषण आहार दुसऱ्याकडे, सहल तिसऱ्याकडे. शेवटी उरतं ते ‘करिअर मार्गदर्शन’, आणि ते बहुधा विज्ञानाच्या नाहीतर नव्याने लागलेल्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. तुमच्या गळ्यात पडलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी.

मी विज्ञान शिकवते. आमचं हायस्कूल हमरस्त्यापासून सात किलोमीटर आत आहे आणि हे काम माझ्याकडे बारा वर्षांपूर्वी असंच आलं. पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. फेब्रुवारीत बाहेरून वक्ता बोलावला, दहावीच्या दोन्ही तुकड्या पटांगणात बसवल्या, शाल-श्रीफळ झालं, दोन तास भाषण झालं, फोटो अहवालाला चिकटवले. दुसऱ्या दिवशी एका मुलीला विचारलं, काय लक्षात राहिलं? ती म्हणाली, “बाई, मोठी स्वप्नं बघा म्हणाले.” तिला खरं विचारायचं होतं ते वेगळंच : सायन्स घेतलं आणि नाही झेपलं तर पुन्हा आर्ट्सला येता येतं का, आणि तालुक्याच्या कॉलेजला वेळेत पोचवणारी एसटी आहे का. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वक्त्याकडे नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हती.

आमच्याकडे रस्ता फुटतो त्या जागेला फाटा म्हणतात. एसटी फाट्यावर सोडून पुढे जाते, तिथून आपलं आपण बघायचं. मुलाने कुठल्या गावाला जायचं ते त्याचं तो आणि त्याचं घर ठरवेल. पुढे कुठकुठले फाटे आहेत, कुठल्या वाटेवरून माघारी येता येतं आणि कुठल्या नाही, एवढं त्याला उतरण्याआधी माहीत असावं, ही आपली जबाबदारी. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती रचायचं.

पायरी पहिली : दहावीपासून नको, आठवीपासून

हेडसरांकडे तीन गोष्टी मागा : पंधरवड्यातून एक तासिका, कुलूप लागणारं एक कपाट, आणि मुलांना शाळेबाहेर नेण्याची लेखी परवानगी. पैसे मागू नका. मागितले की काम लांबतं.

आठवीचं वर्ष कामं पाहण्याचं, नववीचं स्वतःला अजमावण्याचं, दहावीचं पहिलं सत्र वाटा समजून घेण्याचं आणि कागद गोळा करण्याचं. दहावीच्या दुसऱ्या सत्रात नवं काहीही काढू नका. तेव्हा मुलांना सराव परीक्षा पुरेशा असतात.

आठवीतच का, याला एक रोकडं कारणही आहे. केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत किमान ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत), आणि शाळा शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची हवी. चार वर्षांचे ४८,००० रुपये मिळाले म्हणून अकरावीचा विचार तरी करू शकली, अशी मुलं माझ्या वहीत आहेत. गणिताच्या आणि बुद्धिमत्ता चाचणी शिकवणाऱ्या शिक्षकांना हाताशी धरा आणि जुलैपासून तयारी घ्या. याला कुणी करिअर मार्गदर्शन म्हणत नाही, पण आहे.

पायरी दुसरी : वही घाला

दोनशे पानी वही, एका मुलाला एक पान. त्यावर गुण लिहू नका, ते प्रगतिपुस्तकात असतातच. न सांगता मूल काय करतं ते लिहा. स्नेहसंमेलनात माइक बंद पडला तेव्हा कोण धावलं? सहलीचा हिशोब कुणाचा जुळला? भांडणात मध्यस्थी कोण करतं? प्रयोगानंतर काचेची भांडी पुसून जागेवर कोण ठेवतं? वर्गशिक्षकांना, क्रीडाशिक्षकांना आणि शिपाईमामांनाही विचारा. शिपाईमामांना मुलं आपल्यापेक्षा जास्त कळतात, हे माझं अनुभवाचं मत आहे.

पहिल्या तासिकेला ‘मोठेपणी कोण होणार’ हे विचारू नका. फळ्यावर डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, मिलिटरी आणि शिक्षक येतात आणि यादी संपते. त्याऐवजी प्रत्येकाला ओळखीच्या दहा कमावत्या माणसांची नावं लिहायला लावा आणि पुढे एकच रकाना : हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो? “काका कंपनीत आहेत” असं लिहून मुलं थांबतात. कंपनीत काय करतात, हे घरी विचारून यायला सांगा. पुढच्या तासाला सीएनसी ऑपरेटर, स्टोअरकीपर, क्वालिटी तपासणारा, फोर्कलिफ्ट चालवणारा असे चार वेगळे काका निघतात.

पायरी तिसरी : कामं दाखवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि त्या काळात स्थानिक कारागिरांकडे शिकणं सुचवलेलं आहे. परवानगीच्या अर्जात हे वाक्य घाला, सही लवकर होते.

लांब जायची गरज नाही. आमच्या पहिल्या वर्षीच्या भेटी गावातल्या आणि शेजारच्या गावातल्याच होत्या : दूध शीतकरण केंद्र, महावितरणचं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा, ट्रॅक्टरचं गॅरेज, फ्लेक्स छापणारं दुकान, पतपेढी. एका वेळी दहा-बाराच मुलं न्या. चाळीस नेली की ती सहल होते.

दूध केंद्रावरचा प्रसंग सांगते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रोज दोन वेळा तिथे दूध घालतात. दर फॅट आणि एसएनएफवर (दुधातल्या फॅट सोडून उरलेल्या घन भागावर) ठरतो हे त्याला पाठ होतं, कारण घरी रोज त्यावरून कुरकुर चालते. पण ते आकडे मशीनवर काढणारा माणूस कुठून येतो, तो काय शिकलेला असतो, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. दुग्धतंत्रज्ञान नावाचं शिक्षण असतं, उदगीरला आणि पुसदजवळच्या वरुडला त्याची महाविद्यालयं आहेत, हे मला परत आल्यावर शोधून सांगावं लागलं. मार्गदर्शकाला सगळं आधीच माहीत असावं लागत नाही. “उद्या सांगते” असं म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं की पुरतं.

भेटीला जाताना प्रश्न लिहून न्यायचे. आम्ही पाचच ठेवले आहेत. हे काम कुठे शिकलात आणि किती खर्च आला? पहिलं काम कसं मिळालं? दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कुठलं? चूक झाली तर काय होतं? आणि तुमच्या मुलाला याच कामात घालाल का? शेवटच्या प्रश्नावर माणसं थांबतात, हसतात, मग खरं बोलायला लागतात. पगार मुलांनी थेट विचारू नये. तो तुम्ही नंतर बाजूला घेऊन अंदाजाने विचारा.

हाताने करण्याची संधी मिळाली तर सोडू नका. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य यांतली खरी कामं मुलांकडून करून घ्यायची, असा तिथला कार्यक्रम पुढे अनेक शाळांत गेला. तुमच्या शाळेत नववीपासूनचे व्यवसाय विषय असतील, ऑटोमोबाइल, ब्युटी अँड वेलनेस, रिटेल वगैरे, तर त्या शिक्षकांना आधी गाठा. तुमचं निम्मं काम ते करतच असतात.

पायरी चौथी : फाट्यांचा नकाशा

हा नकाशा कार्डशीटवर मोठा काढून दहावीच्या वर्गात कायमचा लावा. दहावीनंतर मुख्य वाटा तीन : अकरावी, पदविका म्हणजे पॉलिटेक्निक, आणि आयटीआय. प्रत्येक वाटेवर मुलांना एकच प्रश्न विचारायचा : इथून पुढे कुठली दारं उघडतात आणि कुठली बंद होतात?

विज्ञान शाखेतून बारावीनंतर कला, वाणिज्य, कायदा, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट कुठेही वळता येतं. उलट दिशेने, आर्ट्समधून इंजिनिअरिंग किंवा मेडिकलकडे, रस्ता नाही. एवढंच सांगून थांबलात तर मात्र सगळा वर्ग सायन्सकडे पळेल. त्याच दमात सांगा की अकरावी सायन्स मराठी माध्यमातल्या मुलाला पहिले सहा महिने इंग्रजीमुळेच जड जातं, आणि न झेपणाऱ्या शाखेत काढलेली दोन वर्षं फुकट जातात. ज्याला स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, भाषा, समाजकार्य यांकडे जायचंय त्याने ‘दार उघडं राहावं’ म्हणून केमिस्ट्री घोकण्यात अर्थ नाही. सीए आणि पाच वर्षांचा कायदा कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर जमतो.

सायन्समध्येही आतले फाटे आहेत. गणित सोडलं की एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट, म्हणजे इंजिनिअरिंगची वाट गेली, जीवशास्त्र सोडलं की नीट, म्हणजे मेडिकलची वाट गेली. एनडीएला, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीला, लष्करासाठी कुठलीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. एनडीएची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा मुलगा दहावीत असतानाच असते. निकालानंतर विचारायला येणाऱ्यांना ‘उशीर झाला’ एवढंच सांगता येतं, आणि ते सांगताना फार वाईट वाटतं. मुलींसाठी नाशिकला अशी संस्था सुरू झाली आहे, हेही वर्गात मोठ्याने सांगा.

पॉलिटेक्निक तीन वर्षांचं. त्यानंतर नोकरी करता येते किंवा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावी आणि सीईटीची धास्ती असलेल्या पण हाताने-डोक्याने चांगल्या मुलाला ही वाट मी आवर्जून दाखवते.

आयटीआयबद्दल बोलताना आपला स्वतःचा सूर तपासा. ‘काहीच नाही जमलं तर आयटीआय’ हे वाक्य शिक्षक खोलीतूनच मुलांपर्यंत पोचतं. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर एका वर्षाचा आणि आठवी पासवरही चालतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर या कारखान्यांच्या भागांत काय मागणी आहे ते तिथे कामाला असलेल्या माजी विद्यार्थ्याला फोन करून विचारा. आणि आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट असते, तिथून पुढे इंजिनिअरिंगची. म्हणजे हा फाटाही पुढे हमरस्त्याला मिळतो. लांबून मिळतो, पण मिळतो.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतो. अर्जाचे दोन भाग असतात. दुसऱ्यात दहापर्यंत महाविद्यालयांची पसंती देता येते. घोटाळा होतो तो पहिल्या पसंतीत. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून जिथे रोज जाता-येता येणार नाही असं कॉलेज नुसतं नाव मोठं म्हणून वर टाकू देऊ नका. पसंतीक्रम भरण्याआधी एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. मी गंमत करत नाही.

पायरी पाचवी : कल चाचणी हवी का?

हवी, पण ती शेवटी. २०१६ मध्ये राज्यात दहावीच्या सगळ्या मुलांसाठी शासनाने कल चाचणी आणली आणि काही वर्षं ती झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं त्यात होती. अहवाल हातात पडला की घरात एकच वाक्य ऐकू यायचं : “याचं गणवेशधारी आलंय.” जणू काही रक्तगटच.

कल म्हणजे आवड आणि अभिक्षमता म्हणजे शिकण्याची कुवत. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. आवड ही पाहण्यात आलेल्या कामांतूनच येते. ज्याने प्रयोगशाळा पाहिली नाही तो ‘सूक्ष्मदर्शकातून पाहायला आवडेल का’ याला काय उत्तर देणार? म्हणून तिसरी पायरी आधी आणि पाचवी नंतर. अभिक्षमता चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांकडून, समोरासमोर बोलून अहवाल समजावणाऱ्या संस्थेतच करावी. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका हे काम कित्येक वर्षं करते आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मोबाइलवर वीस प्रश्न विचारून ‘तुम्ही जन्मजात आर्किटेक्ट आहात’ सांगणाऱ्या अॅपवर एक रुपयाही घालवू नका. चाचणीला पैसे नसतील तर तुमची ती दोनशे पानी वही काढा. दोन वर्षांच्या नोंदी कमी बोलत नाहीत.

पायरी सहावी : पालक

पालकसभा दुपारी ठेवली तर फक्त गृहिणी आणि नोकरदार येतात. शेतावरची आणि मजुरीवरची माणसं हवी असतील तर संध्याकाळी सात, तीही बाजाराचा दिवस टाळून. सभेत फक्त नकाशा समजावा. खरं बोलणं एकेका घराशी होतं, तेव्हा मूल समोर बसलेलं हवं.

“बाई, पोरगी हुशार आहे, पण कॉलेज लांब पडतं.” हे वाक्य तुम्हाला दरवर्षी ऐकू येईल. त्यावर मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागू नका, ते त्यांना ठाऊक असतं. ‘लांब पडतं’ म्हणजे नेमकं काय ते सोडवा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शक्य झालं तर त्याच मार्गाने आधी गेलेल्या मुलीच्या आईला शेजारी बसवा. तुमच्या दहा वाक्यांचं काम तिचं एक वाक्य करतं.

वडील म्हणतात डिप्लोमा, मुलगा म्हणतो आर्ट्स, अशा वेळी निवाडा देऊ नका. दोघांना दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यायला सांगा आणि आठ दिवसांनी परत बोलवा.

पायरी सातवी : कागद

याला कंटाळवाणं म्हणून शेवटी ढकलतात आणि इथेच प्रवेश अडतात. नववीच्या सुट्टीतच सुरुवात करा.

आधी नाव बघा. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. दहावीच्या अर्जानंतर बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणीसाठीची यादी येते, ती प्रत्येक मुलाकडून स्वतः वाचून सही घ्या. शाळा सोडल्यावर दुरुस्तीसाठी किती हेलपाटे पडतात हे ज्याने मारलेत त्याला विचारा.

मग जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस. जात पडताळणीला सगळ्यात वेळ लागतो. त्यासाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १९६७ पूर्वीचा. बहुतेक घरांत हा पुरावा म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या प्राथमिक शाळेतला निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल. तो आजोळच्या नव्हे, वडिलांकडच्या मूळ गावच्या शाळेत असतो. दिवाळीच्या सुट्टीत तो शोधून आणायचा गृहपाठ द्या. मी देते, आणि त्यावरून मुलं घरचा इतिहासही विचारून येतात.

मध्येच एक सावधगिरी

नोव्हेंबरपासून शाळेत ‘मोफत सेमिनार’ घ्यायला अॅकॅडमीवाले येतील. सुरुवातीला मी एकांना हो म्हटलं. तासाभराचं बोलणं बरं होतं, शेवटी त्यांनी मुलांकडून ‘फीडबॅक फॉर्म’ भरून घेतले, त्यात पालकांचा मोबाइल नंबर होता. पुढचे चार महिने आमच्या पालकांना रोज फोन. एका वडिलांनी कर्ज काढून दोन वर्षांची फी भरली आणि मुलगा दिवाळीत परत आला. तेव्हापासून नियम : बाहेरचं कुणीही आलं तरी मुलांचे नंबर द्यायचे नाहीत, फॉर्म वाटायचे नाहीत, आणि मी वर्गात बसणार.

पायरी आठवी : निकालाचा दिवस

त्या दिवशी शाळेत जा. पेढे देणारी मुलं येतीलच, न आलेल्यांची यादी करा आणि फोन लावा. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय पुढे सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला बसता येतं. पुरवणी परीक्षा लगेच असते. शाळा सुटलीच तर पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. ही तीन वाक्यं मुलाला आणि त्याच्या आईला, दोघांना सांगा, कारण त्या दिवशी एकाच्याही डोक्यात काही शिरत नाही. मूल अगदीच गप्प झालं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो. तो तुमच्या फोनमध्ये आधीच ठेवा.

आणि वहीतला शेवटचा रकाना

‘सध्या कुठे?’ असा एक रकाना मी प्रत्येक पानावर ठेवला आहे. तो भरण्याची वेळ म्हणजे दिवाळीची सुट्टी. पॉलिटेक्निकची, आयटीआयची, नर्सिंगची, अकरावीची मुलं गावी आलेली असतात. भाऊबीज झाली की एक सकाळ ठरवून त्यांना शाळेत बोलावते आणि दहावीच्या मुलांसमोर बसवते. मागच्या वर्षी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा आला होता. पहिलंच वाक्य बोलला, “पहिल्या सेमला माझे दोन विषय राहिले, कारण मॅथ्स इंग्रजीत होतं आणि मी लाजेपायी कुणाला विचारलं नाही.” त्यानंतर वर्गाने त्याला पाऊण तास सोडलं नाही. खोलीचं भाडं किती, मेसला काय मिळतं, सर रागावतात का, वर्कशॉपला बूट कुठले. मी मागच्या बाकावर बसून वहीत उतरवत होते.